‘उदयकाल’ची तलवार

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



१९३० साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने शिवछत्रपतींच्या आरंभीच्या पराक्रमावर एक मूकपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते आणि शिवाजीची भूमिकाही त्यांनीच केली होती. चित्रपटाचे नाव ठेवले होते ‘स्वराज्याचे तोरण’. सेन्सॉरपुढे तो गेला तेव्हा सरकारी नजरेला ‘स्वराज्य’ हा शब्द खुपला आणि अखेरीस शिवाजी झेंडा उभारतो ते दृश्यही खुपले. नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले, शेवट बदलावा लागला. लढाया मात्र पडद्यावर राहिल्या. घोडदौड, तलवारीला भिडणारी तलवार यांपासून साम्राज्याला धोका वाटला नाही. धोका वाटला तो एका शब्दापासून आणि एका फडक्यापासून. सत्ताधाऱ्यांना पुष्कळदा कलेचा अर्थ कलावंतांच्याही आधी कळतो, तो असा.

या जिल्ह्यात या चित्रपटाची चर्चा करण्याचे कारण उघड आहे. सिंदखेड राजा याच जिल्ह्यात आहे. १२ जानेवारी १५९८ ही जिजाऊंची जन्मतिथी मानली जाते आणि त्या दिवशी तेथे लोटणारा जनसमुदाय येथल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिलेला आहे. लखुजी जाधवरावांचा वाडा, त्यांची समाधी, मोती तलाव हे सारे परिचयाचे. पण त्या वाड्याची गोष्ट केवळ पराक्रमाची नाही. १६२९ साली लखुजींना त्यांच्या मुलांसह देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारातच कापून काढण्यात आले. ज्या सत्तेच्या चाकरीत तलवार चालवली त्याच सत्तेने आपल्या माणसांचा घात केला, हे पाहिलेली मुलगी पुढे पुण्याच्या उजाड जहागिरीत आपल्या मुलाला वाढवीत होती. तलवार कोणाच्या चाकरीत आहे आणि ती कोणावर उगारली जात आहे, हा प्रश्न त्या घराण्याने रक्ताने सोडवलेला आहे. चित्रपटातील तलवारीविषयीही तोच प्रश्न विचारायचा आहे.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ साली कोल्हापुरात झाला. वडील जैन, आई हिंदू. शिक्षण थोडके. हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात हा मुलगा राबला आणि तिथेच पत्र्याच्या तंबूवजा सिनेमागृहात पडेल ते काम करीत त्याने चित्रपट पाहिले. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तो दाखल झाला. ही कंपनी १९१८ साली निघाली. परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून बाबूरावांनी स्वतः खपून कॅमेरा तयार केला, ही हकीकत महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातही सांगितली जायला हवी. या कंपनीत शांताराम झाडण्या-पुसण्यापासून रंगकाम, रसायनकाम, अभिनय असे सारे शिकले. १९२७ साली केशवराव धायबर यांच्यासह ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित करून ते दिग्दर्शक झाले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी ‘प्रभात’ काढली आणि दुसऱ्याच वर्षी ‘उदयकाल’ आला.

पुढे ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ यांच्यामुळे जगभर नाव झालेल्या या दिग्दर्शकाच्या आरंभी असे दोन युद्धपट आहेत. समीक्षक सहसा ते घाईने ओलांडून जातात. उमेदवारीचा काळ, गल्ल्याची गरज, असे म्हणून त्यांना बाजूला सारतात. ही उपेक्षा योग्य नाही. ज्या काळात महाराष्ट्रातील बहुसंख्य माणूस निरक्षर होता त्या काळात याच चित्रपटांनी त्याला प्रेक्षक बनवले. मूकपटात पडद्यावर अक्षरे येत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. गावात पोथी वाचतात त्याच रीतीने तंबूत चित्रपट वाचला जाई. आणि लढाईच्या प्रसंगाला तर वाचकाचीही गरज नसे.

लढाई दाखवायची कशी, हा त्या काळी मोठा प्रश्न होता. नाटकातली लढाई दोन लाकडी तलवारी आणि एक पद यांवर निभावून जाई. कॅमेऱ्याला ते चालत नाही. कॅमेरा मनगट पाहतो, पायाचा पवित्रा पाहतो, धापही पाहतो. कोल्हापूरला या बाबतीत एक अनुकूलता होती. शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला आश्रय दिला होता, १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले होते, आणि पेठापेठांतून तालमी भरत होत्या. त्या तालमींत निरनिराळ्या जातींची पोरे एकाच हौद्याच्या मातीत लोळत. कुस्ती, लाठी, बोथाटी, दांडपट्टा हे मर्दानी खेळ त्या शहराच्या अंगात भिनलेले होते. पडद्यावर जो मावळा दिसला त्याचे शरीर असे तालमीत घडलेले होते. रंगभूमीवरच्या गायकनटाचे ते शरीर नव्हते. मराठी चित्रपटातील बहुजन समाजाचा पहिला प्रवेश संवादातून झाला नाही, तो दंडबेटकुळ्यांतून झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याची गती थोडी कमी ठेवली की पडद्यावर हालचाल चपळ दिसते. ही युक्ती त्या काळच्या साऱ्या जगाला ठाऊक होती. डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांवर मुंबईचा प्रेक्षक लुब्ध होता तो त्याच चपळाईमुळे. कोल्हापूरकरांनी तीच चपळाई सह्याद्रीच्या वेषात उभी केली.

या परंपरेचा पहिला मोठा चित्रपट बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’, १९२३ चा. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो बेतलेला होता. त्यात ऐंशी वर्षांच्या शेलारमामाची भूमिका केली होती बाविशीच्या आतबाहेर असलेल्या शांतारामांनी. चित्रपटाला एवढी गर्दी लोटली की ती पाहूनच सरकारला करमणुकीवर कर बसवण्याची बुद्धी झाली, अशी आख्यायिका चित्रपटसृष्टीत सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, मुंबई इलाख्याचा करमणूक कर कायदा १९२३ चाच आहे. शेलारमामाच्या शौर्यावर दिल्लीच्या नव्हे, विलायतेच्या तिजोरीने पट्टी वसूल केली म्हणायची.

सरकारची ही सावधगिरी अकारण नव्हती. शिवाजी हे नाव उच्चारले की राजद्रोहाचा वास येऊ लागावा, अशी परिस्थिती टिळकांच्या शिवाजी उत्सवापासूनच निर्माण झाली होती. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तील जो मजकूर पुराव्यात आला तो याच उत्सवाशी निगडित होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातील कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांना कळले तसे सरकारलाही कळले, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. तरी त्याच कथेवर बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट केला. टिळकांनी त्यांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला. १९२१ साली कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’मधील विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रास व कराचीत त्यावर बंदी घालण्यात आली. १९१८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मुंबईच्या सेन्सॉर मंडळाचे अध्यक्षपद पोलीस आयुक्ताकडे होते, हे लक्षात घेतले म्हणजे चित्रपटाकडे पाहण्याची सरकारची दृष्टी निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आता ‘उदयकाल’चे वर्ष पाहावे. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली. मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली. शेजारच्या अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडाने सत्याग्रहात उडी घेतली, कारण येथे समुद्र नव्हता. जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या रानात जंगल सत्याग्रह सुरू केला. मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. तेथे गांधीटोपी आणि तिरंगा हेच गुन्हे ठरले. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. तो दिवस जिजाऊंच्या जन्मतिथीचाच असावा हा योगायोग. सिंदखेडच्या गर्दीत सोलापूरच्या त्या चौघांची आठवण किती जणांना होते, हा प्रश्न मात्र योगायोगावर सोडून चालणार नाही. अशा वर्षी पडद्यावर झेंडा उभारला जाणे हे केवळ नेपथ्य राहिले नसते. प्रभातकारांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी ते दृश्य घातले होते. पाच वर्षांनी तोच प्रकार पुन्हा घडला. संत एकनाथांवरील चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव सरकारला चालले नाही आणि १९३५ साली तो ‘धर्मात्मा’ म्हणून प्रदर्शित करावा लागला.

जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच एक उदाहरण आहे. जपानच्या अकिरा कुरोसावांचा पहिला चित्रपट ‘सुगाता सान्शिरो’, १९४३ चा. ज्युदो या मल्लविद्येवरचा. उद्दाम, बलवान तरुण गुरूच्या धाकाने रात्रभर तळ्याच्या पाण्यात उभा राहतो, कमळ उमलताना पाहतो आणि बळाहून मोठे काही असते हे त्याला उमगते, अशी त्याची मांडणी. युद्धज्वराने पछाडलेल्या सेन्सॉरना त्यात ब्रिटिश-अमेरिकन वळण दिसले. ज्येष्ठ दिग्दर्शक ओझू यांनी बाजू घेतली म्हणून चित्रपट सुटला. पण १९४४ साली पुनःप्रदर्शनाच्या वेळी दिग्दर्शकाला न विचारता त्यातील १८४५ फूट फीत कापण्यात आली. येथे परकीय सत्ता होती, तेथे स्वकीय हुकूमशाही. कात्री दोघींच्याही हाती होती. पुढे १९५४ साली कुरोसावांनी ‘सात सामुराई’ केला. गावकरी दरोडेखोरांपासून पीक वाचवण्यासाठी योद्धे ठेवतात. लढाई संपते, वाचलेले सामुराई थडग्यांपाशी उभे राहतात आणि खाली खाचरात गावकरी गाणी म्हणत भात लावीत असतात. विजय त्यांचा झालेला असतो. युद्धपटाच्या पोटात शेतीचा प्रश्न असतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले आहे.

मराठी युद्धपटाला ते साधले काय? मावळा म्हणजे आठ महिने तलवार आणि चार महिने नांगर. दसऱ्याला सीमोल्लंघन व्हायचे ते खरीप पदरात पडल्यावर. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पवाड्यात शिवाजी कुळवाड्यांचा राजा म्हणून उभा केला तो याच जाणिवेने. चिपळूणकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या शिवछत्रपतींच्या पत्रात रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, लागेल ते बाजारात रोख विकत घ्या, अशी सक्त ताकीद आहे. पण ताकिदीच्या पत्रावर घोडदौडीचा प्रसंग रचता येत नाही. कॅमेऱ्याला कडा चढणारा मावळा दिसला. त्या मावळ्याच्या वावराचे, बैलजोडीचे काय, हे दिसले नाही.

दिसले नाही असे म्हणणे काहीसे अन्यायाचे होईल, कारण त्याच कंपनीत, त्याच माणसांनी ते दाखवले होते. १९२५ चा ‘सावकारी पाश’. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत पुन्हा शांताराम. कथा नारायण हरि आपटे यांची. (‘सिंहगड’चे कादंबरीकार हरि नारायण, ‘सावकारी पाश’चे कथाकार नारायण हरि, नावांच्या उलटापालटीत मराठी कादंबरीच्या दोन दिशा सामावल्या आहेत, असे गमतीने म्हणता येईल.) सावकार कागदाच्या करामतीने शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तालमीतली शरीरे येथे नाहीत. वाकलेली, खंगलेली शरीरे आहेत. एकोसळ्या झोपडीचे आणि रात्री भुंकणाऱ्या कुत्र्याचे दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले. पण तिकीटबारीवर हा चित्रपट चालला नाही. शेलारमामाला पाहण्यासाठी ज्या प्रेक्षकाने दार मोडले, त्याच प्रेक्षकाने शेतकऱ्याकडे पाठ फिरवली. नट तोच होता.

प्रेक्षकाला दोष देणे सोपे आहे. दिवसभर सावकाराच्या ओट्यावर बसून आलेल्या माणसाने रात्री पैसे मोजून पुन्हा सावकाराचेच तोंड का पाहावे? त्याला जिंकायचे होते, निदान दोन तास. ही भूक खरी आहे आणि तिची टवाळी करणाऱ्यांना चळवळ उभारता येणार नाही. अडचण एवढीच की ही भूक कोणीही भागवू शकतो, आणि भागवणारा पुढे तिचे दाम मागतो.

वऱ्हाडाला सावकारी पाश निराळा सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला भाव आला, आगगाडी आली, १८७० साली खामगावला जलंबहून फाटा आला. कापूस मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला गेला. भाव पडले तेव्हा कर्ज मात्र येथेच राहिले. दख्खनच्या दंग्यांनंतर पुण्या-नगरकडे १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा झाला तेव्हा वऱ्हाड नावापुरता निजामाचा आणि कारभारापुरता इंग्रजांचा होता. शंभर-सव्वाशे वर्षे लोटली. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी शेतकरी आत्महत्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यात विदर्भातले जे सहा जिल्हे होते त्यांत बुलढाणा एक. ज्या जिल्ह्याने स्वराज्याची माता दिली त्या जिल्ह्याचे नाव या यादीत यावे, यावर कोणी युद्धपट काढलेला नाही.

युद्धपट निघत आहेत, भव्य निघत आहेत. कोंढाण्याच्याच प्रसंगावर २०२० साली ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट आला, संभाजीराजांवर २०२५ साली ‘छावा’ आला. तंत्र डोळे दिपवणारे आहे. ‘स्वराज्य’ हा शब्द कोणी कापत नाही. झेंडे हवे तेवढे फडकतात. मात्र १९३० ची तलवार ज्या दिशेला उगारलेली होती ती दिशा बदलली. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. ‘छावा’मुळे लोकांचा औरंगजेबाविषयीचा रोष जागा झाला, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीच विधानसभेत सांगितले. त्याच महिन्यात सातपुड्यापलीकडे, बऱ्हाणपूरजवळ असिरगडाच्या पायथ्याला, चित्रपट पाहून आलेले गावकरी रात्री विजेऱ्यांच्या उजेडात शेते उकरून मोगलांचे सोने शोधू लागले. वृत्तपत्रांनी ती गंमत म्हणून छापली. सोने मिळेल या आशेने रात्री दुसऱ्याचे शेत उकरणारा माणूस दिवसा काय स्थितीत जगत असेल, याचा शोध फारसा कोणी घेतला नाही. चित्रपट पाहून दंगलीत उतरणारा आणि चित्रपट पाहून फावडे घेऊन निघणारा, या दोघांत दुसरा निदान कोणाच्या जिवावर उठत नाही.

या संदर्भात ‘प्रभात’च्या पाच मालकांची नावे पुन्हा वाचावीत. त्यांत शेख फत्तेलाल आहेत. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल ही जोडी बाबूराव पेंटरांच्या कारखान्यात तयार झाली. प्रभातच्या चित्रपटांचे गड, महाल, वेषभूषा यांवर त्यांचा हात फिरलेला आहे, आणि पुढे ‘संत तुकाराम’ याच दोघांनी दिग्दर्शित केला. शिवाजीच्या स्वराज्याचे तोरण पडद्यावर बांधणाऱ्या कंपनीत एक भागीदार मुसलमान होता, दिग्दर्शकाचे वडील जैन होते. याची त्या वेळी कोणी जाहिरात केली नाही, कारण त्यात जाहिरात करण्याजोगे काही आहे असे कोल्हापुरात कोणाला वाटले नाही.

मूकपटाच्या काळात हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले. त्यांतील अगदी थोडे हाती उरले आहेत. नायट्रेटची फीत भडका घेते, नाही तर सडते, नाही तर तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी वितळवली जाते. महाराष्ट्राच्या दृश्य-इतिहासाचा मोठा भाग असा भंगारात गेला. गडांच्या डागडुजीसाठी आवाज उठवणाऱ्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या गडांविषयीही कधी तरी बोलायला हवे होते.

शांताराम स्वतः तलवारीपाशी थांबले नाहीत. १९३३ साली त्यांनी ‘सिंहगड’ बोलपट म्हणून पुन्हा केला, आणि नंतर त्यांचा मार्ग वळला. ‘कुंकू’तील नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारते, ‘माणूस’मधला पोलीस शिपाई वेश्येवर प्रेम करतो, ‘शेजारी’तले हिंदू-मुसलमान म्हातारे धरणाच्या पाण्यात बुडतात. आणि १९५७ साली आला ‘दो आँखें बारह हाथ’. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्याच्या मुळाशी होता. सहा खुनी कैदी, एक निःशस्त्र जेलर आणि ओसाड जमीन. कैदी ती जमीन कसतात, भाजी पिकवतात, बाजारात रास्त दराने विकतात. नफेखोर व्यापाऱ्याचे गुंड त्यांना मारहाण करतात, तेव्हा हातात बळ असूनही, आणि खुनाची सवय असूनही, दिलेल्या शब्दाखातर ते हात उचलत नाहीत. ज्या दिग्दर्शकाने शेलारमामाची तलवार चालवली, ‘उदयकाल’चा शिवाजी घोड्यावर बसवला, त्याने सत्तावीस वर्षांनी हा न लढण्याचा प्रसंग लढाईच्या प्रसंगाइतक्याच ताणाने चित्रित केला. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली त्याला रौप्य अस्वल मिळाले.

शेवटी जेलर मरतो तो उधळलेल्या बैलांशी झुंजताना. त्या झुंजीसाठी बदली माणूस न घेता पन्नाशी ओलांडलेले शांताराम स्वतः बैलापुढे उभे राहिले आणि डोळ्यांना गंभीर इजा करून घेतली. बराच काळ त्यांचे डोळे पट्टीने बांधलेले होते. बैलाशी असलेली शेतकऱ्याची झुंज त्यांनी ‘सावकारी पाश’पासून पाहिलेलीच होती.